झाकून ठेवलेला पेला

चार वर्षांपूर्वी सुनेनं आमची खायच्या द्राक्षांची बाग मोडली आणि तिथं वाइनची द्राक्षं लावली. बारकी, जाड सालीची, नुसत्या बिया. मुलगा फौजेत असल्यामुळे शेतीचं सगळं तिच्याच हातात. पुढं तिनं छोटी वायनरीही काढली. वाइन झाली, पण घेणारं कुणी भेटेना. शेवटी मी सांगून टाकलं, यंदा गिऱ्हाईक मिळालं नाही तर ही बाग काढायची आणि परत खायची द्राक्षं लावायची. ती बरं म्हणाली.

त्याच हिवाळ्यात सांगलीला विश्रामबागेत वाइनचा महोत्सव भरला. आसपासच्या सगळ्या वायनरीवाल्यांना एकेक टेबल दिलं होतं. साताऱ्याचा एक हॉटेलवाला चार वाजता आमची वाइन चाखायला येणार होता. सगळी आशा त्याच्यावर. टेबलाशी बसायला दुसरं माणूस नव्हतं म्हणून सुनेनं मला नेलं.

चव द्यायला बारा बाटल्या होत्या. दोनच्या सुमाराला तिला मंडपात माहिती सांगायला बोलावलं.

"आत्या, कुणी आलं तर थोडी थोडी द्या," एवढं सांगून ती गेली.

माझ्या हातानं थोडं कधी कुणाला दिलेलं नाही. आमच्यात ताकाचा पेला काठोकाठ भरून देतात. अर्धा दिला तर पाहुणा घरी जाऊन बोलून दाखवतो. मी पेले भरले. लोक पलीकडच्या टेबलांवरून आमच्याकडं येऊ लागले. एकानं घोट तोंडात खुळखुळवला आणि टेबलाजवळच्या बादलीत थुंकला.

"का रं, वंगाळ लागली व्हय?" मी विचारलं.

"न्हाई आजी, चव बघायची अशीच पद्धत हाय."

"मग तिकडं जाऊन थुंक. वरीसभर राबलोय आमी."

तो हसला आणि उरलेला पेला सरळ प्याला. बादली मी टेबलाखाली ढकलली.

सून परत आली तेव्हा साडेतीन वाजले होते. तिनं खोकी उघडून बघितली. बाराही बाटल्या रिकाम्या.

"आत्या, आता त्या माणसाला काय देऊ? गावाकडनं आणायची म्हटली तर दोन तास जातील." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमाला बाग काढायचीच हाय. मुद्दाम केलं न्हवं?"

"मुद्दाम करायचं असतं तर वतून दिली असती. लोकांस्नी पाजत बसले नसते."

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीही तेच विचारलं असतं.

चार वाजता हॉटेलवाला आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, घाईत. सुनेनं त्याला खरं ते सांगितलं. तो घड्याळ बघून निघायलाच लागला, तेव्हा मी म्हटलं, "आवं, थांबा जरा. एक पेला हाय."

माणूस बाहेर गेलं की त्याचा वाटा झाकून ठेवायचा, ही माझी जुनी सवय. पहिली बाटली उघडली तेव्हाच सुनेसाठी एक पेला भरून वर बशी ठेवली होती. मघाच्या बोलाचालीत तो विसरलेच होते, आता पुढं केला.

"हा कवा भरला?" त्यानं विचारलं.

"दोन वाजता. शिळा झाला आसंल तर तसं सांगा."

त्यानं वास घेतला, घोट घेतला, खुर्ची ओढून बसला. तांबड्या वाइनला अशी थोडी हवा लागली की ती चांगली लागते, असं त्यानं सुनेला सांगितलं. तिला ते माहीत असणार. मला नव्हतं. त्यानं पेला संपवला आणि पंधरवड्यात वीस खोकी पाठवा म्हणाला. जाताना मला म्हणाला, "आजी, तुमी हॉटेलात वाढायला येऊ नका. माझं दिवाळं निघंल."

सून हसली. गाडीत मात्र तिनं मला ऐकवलं, "माझा वाटा गेला की आत्या."

"घरी टाक्या भरून हायत्या. पी की," मी म्हटलं.

बाग राहिली. ती द्राक्षं मला अजून आवडत नाहीत, पण त्यांची पानं विरळायला आता मीही जाते. पुढच्या महोत्सवासाठी सुनेनं एका पेल्यावर नखाच्या रंगानं रेघ मारून ठेवली आहे. इथवरच भरायचं म्हणे. मी बघितली ती रेघ. तेवढ्यात मांजराचंसुद्धा भागायचं नाही.