ट्रक अडवणाऱ्या सिस्टर

दसरा उलटला की सिस्टर फिलोमिना ट्रक अडवायला निघत. ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडं आमच्या वस्तीच्या तोंडाशी ट्रकात चढत. आधी भांडीकुंडी, मग बायामाणसं, त्यांच्या मांडीवर पोरं. सिस्टर पांढऱ्या साडीचा पदर खोचून चाकापाशी उभ्या राहत आणि वरच्या पोराकडे हात करून म्हणत, "ट्रक जाऊ दे. तू उतर."

मलाही त्यांनी असंच उतरवलं. आईचा जीव होईना. "शिष्टर, आमच्या मागं ह्याला कोण बघंल?"

"म्या हाय की."

सिस्टर मूळच्या केरळच्या. मराठी हापशावरच्या बायांकडून शिकलेल्या, त्यामुळे प्रार्थना तेवढी पुस्तकी, बाकी बोलणं सगळं आमच्यासारखं. मुकादम कुरकुरला, "पोरगं तिथं बैलांला उसाचं वाढं तरी गोळा करंल." सिस्टरांनी माझे पंजे त्याच्यापुढं धरले. "हे हात पेन्सिलीला पुरत न्हायत, तुमच्या उसाला काय पुरत्याल?"

शाळा मिशनची, कळंबच्या रस्त्याला. जुन्या एका फादरांनी पत्र्याच्या दोन खोल्यांत ती सुरू केली होती. चर्चमध्ये रविवारी दोन बाकंही भरत नसत, पण शाळेत गावातल्या सगळ्या आळ्यांची पोरं असत. मागं बोर्डिंग होतं. आईबाप परत येईस्तोवर आम्ही तिथं राहायचो. आईची आठवण येऊन कुणी हुंदके द्यायला लागलं की सिस्टर ताट पुढं सरकवत. "रड की, पण जेवून रड. उपाशीपोटी रडलं की माणूस लई थकतं."

मी शिकलो आणि त्याच शाळेत मास्तर होऊन परत आलो. तोवर गावात इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस फिरू लागल्या होत्या. ऐपतीची घरं तिकडं वळली, आमच्याकडं उरली ती फक्त ट्रकातली पोरं. मग बोर्डिंगला येणारी मदत आटली. सिस्टरांनी मिशनच्या वरच्या लोकांकडे, सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले. सगळीकडे खुर्ची मिळाली, चहा मिळाला. शेवटी बोर्डिंगला कुलूप लागलं, शाळाही मिटली आणि सिस्टरांना केरळला बदलीचा हुकूम आला; निघायला थोडेच दिवस उरले होते. मीही पुण्यात नोकरी शोधत होतो. मला तेव्हा त्यांच्या देवाचा फार राग आला होता.

त्या दसऱ्यानंतर मी म्हणालो, "सिस्टर, यंदा ट्रककडं जाऊ नका."

"भेटून तरी येते," त्या म्हणाल्या. मी सोबत गेलो.

सिस्टर दिसल्याबरोबर दुसरीतली कोमल, कुणी काही न सांगता, दप्तरासकट टायरवर पाय देत खाली उतरली आणि त्यांचा हात धरून उभी राहिली. वरून तिची आई म्हणाली, "बोर्डिंग बंद झालंय म्हनत्यात. पर तुमी हाव की, शिष्टर."

सिस्टरांनी कोमलचं दप्तर नीट केलं, विस्कटलेले केस कानामागं सारले आणि तिला उचललं. त्या वयात त्यांना ते पेलेना. मी खालून हात लावला, वरून आईनं ओढून घेतलं.

कोमल रडली नाही. ती आईला खेटून सरकली आणि शेजारी वीतभर जागा करून म्हणाली, "शिष्टर, चढा. तुमाला बी जागा झाली."

ड्रायव्हर काच खाली करून सिस्टरांकडे बघत थांबला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या शब्दाशिवाय त्यानं गाडी काढली नव्हती.

"ट्रक जाऊ दे," सिस्टर म्हणाल्या.