तिसरी फळी

व्हिडिओ गेममध्ये झुलते पूल कोण घालतं याचा मी शोध घेतलेला नाही, पण तो माणूस कधी दारात आला तर मी त्याला कॉफीसुद्धा विचारणार नाही. चेन्नईत कुणाला कॉफी न विचारणं म्हणजे काय, ते इथे जन्म काढलेल्या बाईलाच कळेल.

माझी नात कॉलेजसाठी त्रिचीला निघाली होती. रविवारी सकाळी एग्मोरहून गाडी. त्याआधी एक गेम आम्हा दोघींना संपवायचा होता. हट्ट तिचा. म्हणाली, "आजी, हा दोघींनीच खेळायचा असतो. मी गेल्यावर कुणाबरोबर खेळशील?" प्रश्न बिनतोड होता. गेममध्ये दोन खारी आणि दोघींच्या कमरेला एकच दोरी. एक पडली की दुसरी गेलीच. तीन आठवडे दुपारच्या दुपारी खपून आम्ही शेवटच्या दारापर्यंत आलो होतो. दाराच्या अलीकडे पूल, पुलाला पाच फळ्या. तिसरीवरून माझी खार खाली जायची आणि तिच्यामागून नातीची, काही अपराध नसताना.

पडण्याचं मला काही नाही, त्याची सवय आहे. पण पडलं की एक म्हातारं घुबड येतं आणि धीर न सोडण्याविषयी भाषण करतं. ते थांबवता येत नाही. कुठलंही बटण दाबा, ते बोलतच राहतं, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या प्रमुख पाहुण्यासारखं. शिवाय एक वटवाघूळ. नेमकं उडी मारायच्या क्षणी छातीवर येऊन आदळतं आणि आपल्याला मागे ढकलतं. एरवी कुठे असतं कोण जाणे. याला हे लोक आव्हान म्हणतात. आमच्या वेळी याला खोड्या म्हणत आणि करणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करत.

एवढ्या अधिकाराने बोलते, कारण तिसऱ्या फळीशी माझं जुनं वैर आहे.

मुलगी चौथीत असताना तिच्या मामाने टीव्हीला जोडायचा गेम पाठवला होता. तेव्हा आम्ही चेन्नईतच, तिरुवल्लिकेणीला राहायचो. तेव्हाची मी म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. सांगलीची, बी.ए., हार्मोनियमच्या दोन परीक्षा दिलेली आणि तिसरीच्या भीतीने लग्नाला हो म्हटलेली. सासर तंजावरी मराठ्यांचं, घरात निम्मं तमिळ. ही बी.ए. बाई तमिळ शिकायला बसली, जीभ वळेना, तेव्हा 'या भाषेतच काही अर्थ नाही' असं ठरवून उठली. आपल्याला जमत नाही ते मुळात हलकंच असतं, असं बाईंचं तत्त्वज्ञान. आज समोर आली तर तिलाही कॉफी मिळणार नाही.

मुलगी शाळेत गेली, सासूबाई दुपारच्या लवंडल्या, की ही पदर खोचून टीव्हीसमोर. त्या गेममध्ये एक बुटका होता, खाली आग, वर झुलत्या फळ्या आणि जीव तीन. तीन गेले की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फळीवर बुटका आगीत पडे आणि ही कधी बटणाला नावं ठेवी, कधी पंख्याच्या वाऱ्याला. एकदा तर सासूबाईंच्या घोरण्याला.

एका दुपारी शाळा लवकर सुटली आणि मुलगी दारात उभी. तिने दप्तर न काढता थोडा वेळ पाहिलं.

"आई, फळीकडे नको बघू. खाली तिची सावली पडते ना, ती बघ. सावली खांबाला टेकली की उडी."

"अभ्यास झाला का?" बी.ए. बाई म्हणाल्या.

मुलीने दप्तरासकट बसून तो पूल एका दमात ओलांडला. मागे वळून हसलीसुद्धा नाही. हसली असती तर कदाचित पुढचं घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी गेमचा अडॅप्टर काढला आणि कोलूच्या ट्रंकेत लपवला. नवरात्रात आमच्याकडे पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, तो कोलू. वर्षभर त्या बाहुल्या जुन्या धोतरात गुंडाळलेल्या असतात. त्यात एक ढेरपोट्या चेट्टियार, म्हणजे तिकडचा वाणी, आहे, समोर डाळ-तांदळाची दुकानदारी मांडून बसलेला. आतून पोकळ, बुडाला भोक. अडॅप्टर त्याच्या पोटात सहज गेला, वर जागाही उरली. मुलीला सांगितलं, "अडॅप्टर जळाला गं. व्होल्टेज. मला वास आला." त्यानंतर दर नवरात्रात चेट्टियार पायरीवर ठेवताना पोटात खुळखुळ वाजायचं आणि सासूबाई म्हणायच्या, "ह्याला पोटशूळ झाला वाटतं." मी मान डोलवायची.

तर तो शनिवार. सकाळपासून अकरा वेळा पडले. शेवटी नात म्हणाली, "राहू दे आजी. लेव्हलच वाईट आहे. सोडून देऊ." माझंच तत्त्वज्ञान, माझ्याच सुरात, अठरा वर्षांच्या पोरीच्या तोंडात. ती आंघोळीला गेली आणि मी काय केलं असेल? सुधारले असेन, असं वाटतं ना? गेमच्या डब्याची वायर काढली, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि चेट्टियारच्या पोटात कोंबली.

नात केस पुसत आली. म्हटलं, "वायर जळाली गं. वास आला मला."

मुलगी ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून पेपर वाचत बसली होती. पेपर खाली न करता म्हणाली, "चेट्टियारांना विचारलंस का?"

मी वळून तिच्या पेपरकडे पाहिलं.

"तुला कधीपासून माहीत?"

"त्याच नवरात्रापासून. चेट्टियार कोण मांडायचं? मीच ना."

"मग काढला का नाहीस?"

आता तिने पेपर खाली केला. "पुढच्या लेव्हलला एक फिरतं चक्र होतं. मला जमतच नव्हतं. तू लपवलास, मला बरंच वाटलं."

एवढी वर्षं मी त्या पोरीच्या नजरेला नजर देताना चोरासारखी वागले, आणि ही आपली सुखात होती. खाण तशी माती.

नातीने दोन्ही बाहेर काढले, आताची वायर आणि तो जुना अडॅप्टर. अडॅप्टर तिने टीव्हीपुढे ठेवला, मला दिसेल असा. वायर जोडली. म्हणाली, "आई, आजीला परत सांग. ते सावलीचं." म्हणजे आईने लेकीला सगळं आधीच सांगून ठेवलेलं.

मुलीने सांगितलं. तेच शब्द. मी अभ्यासाचं काही विचारलं नाही. खाली दरीत फळीची सावली हलत होती, तीन आठवडे तिथेच होती. ती खडकाला टेकली, मी उडी मारली, वटवाघूळ रिकाम्या हवेत आदळलं. चौथी, पाचवी. दोन्ही खारी दारापाशी. दार उघडलं. आत घुबड होतं, त्याने भाषण केलं, आणि त्याच्या मागे दुसरा पूल होता.

"दे इकडे," मुलगी म्हणाली आणि माझ्या हातातला रिमोट घेतला.

ती सहा वेळा पडली. सातव्यांदा तिने नाक वर करून हुंगलं. "काहीतरी जळल्यासारखा वास येतोय का गं?"

नात रिमोट घेऊन उठली आणि ट्रंकेवर जाऊन बसली.