झिजलेलं पेडल आणि कोरे टायर

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण एक पांढरी मोटार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. खून नाही, दरोडा नाही, साधा फसवणुकीचा अर्ज होता. पण त्या अर्जात मी जेवढा चुकलो तेवढा दुसऱ्या कशात चुकलो नाही, म्हणून लिहून ठेवतो. नाव कोणाचंच घेणार नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. तेव्हा हिंगणघाट तालुक्यातल्या एका ठाण्यात माझ्याकडे गावाचा बीट होता. सकाळची हजेरी आटोपली होती, मुंशी डायरी लिहीत होता. एवढ्यात आवारात एक लांबलचक डिक्कीवाली गाडी येऊन उभी राहिली. आमची जीप तिच्यासमोर बैलगाडीसारखी दिसत होती.

गाडीतून अल्लीपूरकडचे एक सेठ उतरले. बी-बियाण्याचं दुकान होतं त्यांचं. महिन्याभरापूर्वी त्यांनी ही गाडी जुनी म्हणून विकत घेतली होती. वय नऊ वर्षं आणि मीटरवर फक्त अकरा हजार किलोमीटर. विकणारी एक विधवा बाई. नवरा पाटबंधारे खात्यात होता, तो गेल्यापासून गाडी शेडमध्येच उभी, असं तिच्या मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलं होतं.

सेठ म्हणाले, "जमादार साहेब, मीटर मागे फिरवला हाये. मिस्त्रीनं खोलून पाह्यलं, क्लचप्लेट पार खल्लास. अकरा हजारात कुठं क्लच जाते काय?"

"मग कशात जाते?"

"लाखभर चालली असन. टॅक्सीले लावली असन भाड्यानं. मायबाई दिसते साधी, पण पक्की हाये."

ठाणेदार साहेबांनी अर्ज माझ्याकडे चौकशीला दिला. तथ्य निघालं तर फसवणुकीचा गुन्हा दाखल करायचा, असा शेरा मारला.

मी गाडीचं शिक्षण घेतलेलं नाही, पण चोरीच्या गाड्या आयुष्यभर पाहिल्या. जुनी गाडी घेणारा माणूस रंग बघतो, मी पायाखाली बघतो. क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. ब्रेकचं तसंच. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसट. चालवणाऱ्याच्या सीटची कड बसलेली. म्हटलं, सेठ बरोबर बोलतात.

मग टायर पाहिले. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, कितव्या आठवड्यात कोणत्या वर्षी बनला ते सांगणारे. पाचही टायर गाडीच्याच वयाचे निघाले, म्हणजे मूळचेच. लाखभर चाललेल्या गाडीला मूळचे टायर राहत नाहीत. आणि यांच्या मधल्या खाचा तर कोऱ्या होत्या. फक्त पुढच्या दोघांच्या कडा खरवडल्यासारख्या झाल्या होत्या. एकाच गाडीचे दोन साक्षीदार, पेडल आणि टायर, एकमेकांच्या उलट बोलत होते. कंपनीच्या वर्कशॉपला पत्र दिलं, तिथून उत्तर आलं की मीटरबद्दल खात्रीने सांगता येणार नाही.

खबर मिळाली ती बाईच्या गल्लीतल्या प्रेसवाल्याकडून. कपडे इस्त्री करता करता तो म्हणाला, "गाडी का? ते रोज दुपारी चालू व्हायची, साहेब. फाटक बंद राहे. अर्धा-पाऊण घंटा घुर्र घुर्र. बाहेर कधी नाई निघाली."

हे सेठला सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "तेच तर. रिव्हर्स टाकून टाकून मीटर मागे नेला तिनं."

मलाही ते पटलं, आता लपवून काय करू. तरी पुरावा पाहिजे म्हणून आमच्या ड्रायव्हरला सांगितलं, जीप रिव्हर्समध्ये मैदानाला चक्कर मार. तो मान वाकडी करून कसाबसा फिरला. मीटर पुढेच गेला. ठाण्यातली पोरं आठ दिवस माझ्याकडे बघून हसत होती. पण मी हट्टी माणूस. अहवालाच्या कच्च्या कागदावर मी लिहूनच टाकलं होतं की बाईंनी काहीतरी लपवलं आहे आणि तथ्य दिसतं.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून महिला शिपाई घेऊन तिच्या घरी गेलो. साठीच्या पुढची, बारीक अंगाची बाई. अंगणात एका टोकाला पत्र्याचं शेड, दुसऱ्या टोकाला फाटक, मधे फार तर साठ फूट जागा.

"काकू, गाडीची निगा कोण ठेवे?"

"मीच. दुसरं कोण हाये घरी?"

मग जे सांगायला लागली ते ऐकत राहावं असं. प्लास्टिकचं कव्हर कधी घातलं नाही, उन्हाळ्यात आत वाफ धरते म्हणून, जुन्या सुती चादरी शिवून घातल्या. काचा सुतभर खाली. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून बोनेटमध्ये तंबाखूच्या पानांच्या पुरचुंड्या, दर महिन्याला बदललेल्या. टाकी भरलेली, कारण रिकामी टाकी आतून गंजते. ऑइल दरवर्षी बदललेलं, चालो की न चालो. मी सरकारी गाड्यांचे हाल पाहिलेला माणूस, मनात म्हटलं, हिच्या हाती आमची जीप दिली असती तर अजून दहा वर्षं जगली असती.

"मग दुपारी गाडी काऊन चालू करत होत्या?"

बाई पदराने हात पुसत राहिली.

"बॅटरी उतरू नये म्हणून."

"त्याले पाच मिनिटं पुरतात. तुमी पाऊण घंटा करत होत्या. क्लच कसा गेला?"

"मले नाई माहीत."

"काकू, गुन्हा दाखल होईन तुमच्यावर. कोर्टात उभं राहा लागन."

"करा मग," ती म्हणाली. एवढंच. डोळे कोरडे होते, पण मान खाली. मुलाला फोन लावला तर तो म्हणाला, घरात गाडी चालवणारं कोणी नव्हतं म्हणूनच तर मी विकायला लावली.

खोटं बोलणारा माणूस मला कळतो. तो फार बोलतो. ही तर गुन्हा अंगावर घ्यायला तयार होती, पण एक गोष्ट सांगायला तयार नव्हती. तिथेच माझा पाय अडला.

मी तिथूनच सेठला निरोप पाठवला की गाडी घेऊन बाईच्या घरी या, ओळख पटवायची आहे. ते आले. म्हटलं, शेडमध्ये जशी उभी राहायची तशी लावा. सेठने रिव्हर्स टाकला. शेडचा खांब एकीकडे, पाण्याची टाकी दुसरीकडे, गाडी ही एवढी. एकदा पुढे, एकदा मागे, तिसऱ्यांदा आरसा खांबापासून बोटभर राहिला.

"सेठ, थांबा," बाई ओट्यावरून म्हणाली.

सेठने ऐकलं नाही. गाडी अजून मागे सरकली.

"थांबा म्हटलं ना. उतरा खाली."

तिचा आवाज असा होता की सेठ मुकाट उतरले. बाई आत बसली. सीट पुढे ओढली. गिअर हलवून न्यूट्रल पाहिला, आरसा स्वतःकडे फिरवला, मुठीखालची रिव्हर्सची कडी न बघता वर उचलली आणि ती लांब गाडी एका दमात शेडमध्ये नेऊन लावली. दोन्हीकडे सारखं अंतर. फरशीवर चाकांचे दोन काळे पट्टे होते, चाकं बरोबर त्यांच्यावर.

मला सगळं कळलं. साठ फूट पुढे, साठ फूट मागे, रोज. किलोमीटर वाढणार कसे? क्लच मात्र दर फेरीला झिजणार, आणि जागेवर स्टेअरिंग वळवून पुढच्या टायरच्या कडा जाणार.

"काकू, हे काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

ती स्टेअरिंग धरूनच बसली होती. "मालकाच्या छातीत दुखलं तवा गाडी अशीच शेडात उभी होती. चाबी खुटीले. आणि मी रोडवर रिक्षा पाहून राह्यली होती. दवाखान्यात पोचलो तवा उशीर झालता." चाबी फिरवून गाडी बंद केली आणि म्हणाली, "मंग शिकली. पुस्तकात पाहून, मनानंच. तीन वर्षं. पण सांगू कोणाले? लोक म्हणतीन, माणूस गेल्यावर शिकली, आधी काऊन नाई शिकली."

महिला शिपाई दुसरीकडे बघायला लागली. सेठ चपलेने माती उकरत होते. मग म्हणाले, "काकू, क्लच मी टाकून घेतो. अर्ज वापस घेतो. पण ते मागे लावायचं मले एकदा दाखवून द्या. बायको हासते माह्यावर."

"क्लच झिजला हे मी सांगायले पायजे होतं," बाई म्हणाली. "ते माही चूक. बसा आता. आरशात पाहा, मान नका वाकडी करू."

सेठ अर्धा तास शिकत होते आणि मी ओट्यावर बसून जबाब लिहीत होतो. जुना कच्चा कागद तिथेच फाडला. तीस वर्षं मी लोकांना एकच विचारत आलो, काय लपवता. गुन्हा लपवणारा जसा गप्प बसतो, तसंच आपलं दुःख आणि आपलं कमावलेलं कसब लपवणारा माणूसही गप्प बसतो, हे मला त्या अंगणात कळलं. त्यानंतर कोणी गप्प बसलं की मी आधी त्याचे हात-पाय आणि घर बघायचो, धमकी नंतर. त्याने माझे तपास लांबले, पण पुन्हा कधी कागद फाडावा लागला नाही.

जबाब वाचून दाखवला. बाईने चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचला. सही करायला पेन घेतला आणि थांबली.

"एक राह्यलं, साहेब. खाली लिहा, मले गाडी चालवता येते."

म्हटलं, त्याची कायद्याला गरज नाही. ती पेन धरून तशीच बसली. शेवटी मी लिहिलं, मग तिने सही केली.

संध्याकाळी ठाणेदार साहेबांनी कागद पाहिला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "जमादार, हे काय? लायसन्स आहे का बाईकडे?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "पण मी डोळ्यांनी पाहिलं आहे."

त्यांनी ती ओळ तशीच ठेवून अर्ज निकाली काढला.