उरलेलं अर्धं ब्लेड

रविवारी सकाळी दाढीसाठी अंबडच्या मजूर नाक्यावर गेलो, तर नसीरभाईंच्या सलूनचं शटर खाली. शेजारचा चहावाला कप विसळता विसळता म्हणाला, "नसीरभाई गेले ना. बुधवारीच. छातीत कळ आली म्हणे." दफनही उरकलं होतं. मला कोण कळवणार? मी ना नात्याचा, ना गल्लीतला... नुसता गिऱ्हाईक. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

मी सुरगाण्याकडचा. सेंटरिंगच्या कामाला नाशकात आलो. नाक्यावर उभे राहणारे आम्ही सगळेच घरदार मागं ठेवून आलेले. नसीरभाई गालाला फेस लावायचे, उस्तरा गळ्याशी आणायचे आणि मग त्यांचं सुरू व्हायचं. "कुठं जातोस ते मला नको सांगू. पण निरोध वापरतोस का? आणि एकदा एचआयव्हीची तपासणी करून घे. सरकारी दवाखान्यात फुकट होते, नाव बाहेर जात नाही." उस्तरा गळ्यावर असताना वाद कोण घालणार? पावडरच्या डब्यामागं निरोधची पाकिटं असायची. कुणी तिकडं हात घातला की नसीरभाई मुद्दाम पाठ फिरवून टॉवेल झटकत बसायचे.

त्यांनी टुमणं लावलं म्हणून मी तपासणी केली. निघालं. गोळ्यांनी तब्येत सावरली. बायकोच्या तपासणीत काही निघालं नाही, देवाची कृपा. पण ती माहेरी गेली ती गेलीच. खोलीतल्या सोबत्यांनी गोळ्या पाहिल्या आणि नाक्यावर बोभाटा झाला. माझं ताट वेगळं झालं, मग खोलीही.

नसीरभाईंची एक रीत होती. नवं ब्लेड गिऱ्हाइकासमोर कागदासकट मोडायचं. अर्धं त्याला, कोरं अर्धं पुढच्याला. वापरलेलं डब्यात. बोभाटा झाल्यावरच्या पहिल्या रविवारी माझी दाढी झाली आणि माझ्यानंतर एका मुकादमाचा नंबर होता.

"ते उरलेलं मला नको," तो म्हणाला. "याच्या ब्लेडचं हाय ते."

"अरे भाई, याला लागलेलं डब्यात पडलं. हे तर कागदातून निघालंच नाय."

"तरी नको."

नसीरभाईंनी ते अर्धं उस्तऱ्यात चढवलं, स्वतःच्या गालाला फेस लावला आणि सगळ्यांदेखत दाढी करायला लागले. खरं तर सकाळीच गुळगुळीत करून आले होते. मुकादम उठून गेला तो परत फिरकला नाही. एक बांधलेलं गिऱ्हाईक माझ्यापायी तुटलं.

मग तो रिवाजच पडला. दर रविवारी अर्धं मला, अर्धं त्यांना. शेवटी तुरटी फिरवून तळव्यानं माझे गाल पुसायचे. आठवडाभरात माझ्या अंगाला माणसाचा हात लागायचा तो तेवढाच. तो आता नाही, आणि त्याची मला फार उणीव भासते.

दुसऱ्या सलूनची पायरी चढवत नाही. खोलीवरच आरसा टांगलाय, उस्तरा आणलाय, तुरटीचा खडाही आणलाय. रविवारी नवं ब्लेड कागदासकट मोडतो, अर्धं लावतो. उरलेलं पुढच्या रविवारी चालेल, कळतं मला. तरी दर वेळी नवंच मोडतो... खिडकीत ते कोरे अर्धे तुकडे साठत चाललेत. ती त्यांची वाटणी आहे.