शिफारसबाईंनी न पाहिलेला समुद्र

माझ्या आत्याला वाचनालयात सगळे शिफारसबाई म्हणायचे. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते तेवढ्यापुरतंच. कुणी पुस्तक मागायला आलं की ती चष्म्यावरून त्याला एकदा नीट न्याहाळायची आणि म्हणायची, "तुम्हाला हे नको. ते घ्या." आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं.

योगाची आणि प्रवासाची पुस्तकं तिच्या टेबलामागच्या एकाच कपाटात होती. दोन्ही मिळून जेमतेम सव्वाशे. त्यातलं प्रत्येक तिनं वाचलेलं, आणि निवडक पुस्तकांत तिच्या हातची चिठ्ठी. 'कंबर धरलेल्यांसाठी. घाई करू नये.' 'झोप न येणाऱ्यांनी बारावं पान रोज वाचावं.' 'माणसांचा कंटाळा आला असेल तर हे बेट.' स्वतः आत्यानं मात्र जन्मात एक आसन घातलं नव्हतं आणि घर सोडून कुठं चार दिवस मुक्कामाला गेली नव्हती. माझे वडील तिला चिडवायचे, "आमची ताई खुर्चीतून उठत नाही, पण अख्ख्या गावाला उठवते."

जवळच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा एक कारागीर होता. पन्नाशी उलटलेला, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, दिवसभर वाकून पाठ पार आखडलेली. आत्यानं त्याला योगाचं एक पातळसं पुस्तक दिलं. "पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर येऊन मला बोला," म्हणाली. दोन महिन्यांत तो ताठ चालायला लागला. मग दुकानातून सुटला की रोज चारच्या सुमाराला यायचा, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे श्वास मोजायचा. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. बाहेर सोडताना बारीक आवाज यायचा, काचेवरून ओलं फडकं फिरवल्यासारखा. पेपर वाचणारे कुरकुरायचे. "तुमच्या पान उलटण्यापेक्षा कमीच आहे," आत्या त्यांना गप्प करायची.

एक दिवस तो टेबलाशी आला. "बाई, पाठ सरळ झाली. आता ती घेऊन जाऊ कुठं?"

आत्यानं तेच कपाट उघडलं आणि प्रवासाचं एक जुनं पुस्तक काढलं. त्यात एका कड्याचं वर्णन होतं. कड्याच्या पोटातून दगडी पायऱ्या खाली समुद्रापर्यंत जातात आणि पहाटेच्या धुक्यात तिथं उभं राहिलं की पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं. आत्याची चिठ्ठी आत होतीच: 'खालच्या पायरीपर्यंत जावं. पहाटे. एकट्यानं.'

त्यानं चिठ्ठी वाचली. "तुम्ही पाहिलंय हे?"

"हो," आत्या म्हणाली.

का म्हणाली, ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. इतक्या वेळा वाचलं होतं की पाहिल्यासारखंच वाटत होतं, एवढंच.

तो गेला. तिथं पोचल्यावर दुसऱ्याच पहाटे पायऱ्यांवरून पडून मेला. पुस्तक तीस वर्षांपूर्वीचं होतं. मधल्या पायऱ्या लाटांनी आठ वर्षांपूर्वीच खाल्ल्या होत्या. वर धोक्याची पाटी होती, पण धुक्यात ती त्याला दिसली नसावी. तिथल्या लॉजवाल्यानं खोलीत राहिलेलं पुस्तक आतल्या शिक्क्यावरचा पत्ता पाहून टपालानं परत पाठवलं. आत्यानं पाकीट उघडलं तेव्हा चिठ्ठी पुस्तकात नव्हती. ती तो सोबत घेऊन गेला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात आत्याला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. चार वाजले होते, खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. तिनं पेपर वाचणाऱ्यांकडे पाहिलं. कुणाचीच मान वर झाली नाही. तिनं खिडकी बंद केली, पंखा बंद केला, एकदा तर खुर्चीच उचलून आतल्या खोलीत नेली. मग आवाज नुसत्या रिकाम्या फरशीवरून येऊ लागला.

ती वाळत चालली. घरी जेवताना मध्येच घास हातात धरून बसायची. वडील म्हणाले, "डॉक्टरला दाखवू या." ती म्हणाली, "कानाला काही झालेलं नाही रे." सगळ्या चिठ्ठ्या तिनं काढून टाकल्या. कुणी काही विचारलं तर, "तुम्हीच बघा," एवढंच बोलायची.

कारागिराची धाकटी बहीण शिवणकाम करायची. आत्या एका सकाळी तिच्या घरी गेली. शिवणयंत्रासमोर उभं राहून तिनं सगळं सांगितलं, "मी पाहिलं नव्हतं. तरी हो म्हणाले."

बहिणीनं पाय थांबवला. "दादा निघताना मला तेच सांगत होता. म्हणाला, बाई स्वतः जाऊन आल्यात, मग घाबरायचं काय?" मग पुन्हा यंत्र सुरू केलं आणि आत्या जाईपर्यंत थांबवलं नाही.

मला वाटलं, आता आत्या नोकरी सोडणार. सोडली नाही. रोज चारला ती त्या फरशीकडे तोंड करून बसायची. पळून गेले तर त्याला वाटेल मी टाळतेय, असं मला एकदा म्हणाली.

सहा-सात महिन्यांनी ती बहीण वाचनालयात आली. आत्या उभी राहिली.

"गुडघे धरलेत माझे," बहीण म्हणाली. "दादाची पाठ बरी झाली होती ना, तसलं काहीतरी द्या."

आत्यानं पुस्तक काढलं. बहिणीनं ते हातात घेतलं नाही. "हे तरी तुम्ही केलंय का?"

आत्यानं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"नाही," आत्या म्हणाली. "आठ दिवस द्या मला."

त्या आठ दिवसांत पंचावन्नला टेकलेली माझी आत्या सतरंजीवर आडवी-उभी होत होती. तिसऱ्या दिवशी तिला उठता येईना, वडिलांनी आणि मी धरून बसवलं. वडिलांना हसू फुटलं होतं, पण तिचं तोंड बघून त्यांनी ते गिळलं. नवव्या दिवशी ती बहिणीकडे गेली आणि म्हणाली, "पहिली तीन करा. चौथं करू नका, त्यात गुडघ्यावर भार येतो. पुस्तकात तसं लिहिलेलं नाही."

बहिणीनं तिला बसायला स्टूल दिलं.

त्यानंतर आत्या बाहेर पडली. सगळ्यात आधी त्याच कड्यावर गेली. तिथं तिला तो श्वास ऐकू आला नाही, नुसतं पाणी ऐकू आलं, आणि ते जास्त भयंकर होतं असं ती म्हणाली. परत आल्यावर तिनं पुस्तकाच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं: 'पायऱ्या तुटल्या आहेत. खाली जाऊ नये. इथं एक माणूस गेला.' मग सुट्टी मिळेल तशी ती कपाटातल्या एकेका ठिकाणी जाऊ लागली. हे बेट, तो डोंगर, ती गरम पाण्याची कुंडं. परत येऊन लाल शाईत लिहायची: 'डावीकडची वाट बंद.' 'पाणी दिसतं त्याहून खोल.' 'लेखक म्हणतो तेवढं सुंदर नाही, पण जावं.' निवृत्त होईपर्यंत तिनं एकवीस पुस्तकं अशी तपासली. चारचा आवाज मात्र थांबला नाही. ती त्याबद्दल आता घरी येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायची.

बाविसाव्या ठिकाणी मी तिच्याबरोबर गेले. जंगलातला धबधबा, वरून बघायचा. दुपारचं लख्ख ऊन होतं. कठड्यापाशी पोचलो, मी तिच्या उजवीकडे उभी राहिले. वरचा एक दगड सुटून खाली गेला, तशी आत्यानं झटकन डावा हात मागं आडवा धरला, पुढं येणाऱ्या माणसाला अडवावं तसा. "थांबा," ती हळूच म्हणाली, "आधी मी बघते."

तिच्या डावीकडे कुणीच नव्हतं. ती गुडघ्यावर बसली, कठड्याचा एकेक दगड हातानं हलवून पाहू लागली, आणि तो डावा हात तिनं बराच वेळ खाली घेतला नाही.