संद्याचा रिलीव्हर

संदीपनं केलेला नियम आम्ही सगळ्यांनी पाळला. मोडला फक्त त्यानं.

आज वर्ष झालं.
सकाळी ड्यूटीवर निघालेला माझा धाकटा भाऊ छातीत दुखतंय म्हणून खाली बसला. उठलाच नाही.

या ग्रुपवरचे तुमच्यापैकी बरेच जण त्याला त्याच्या ऑनलाइन फायटिंग गेमच्या टूर्नामेंटमुळेच ओळखता. रविवारी जेवणं झाली की आमच्या रुआबांध्याच्या घरात हेडफोन लावून हा पंच बनून बसायचा.

दर रविवारी नियम वेगळा.

कधी उडी बंद. कधी फक्त लाथा. एकदा तर जिंकणाऱ्यानं पुढची मॅच हरलेल्याचा फायटर घेऊन खेळायची.

"कावून रे एवढा उपद्व्याप?" मी विचारायची.

"ताई, एकाच नियमात रोज बंटीच जिंकून राहिला. बाकीचे कावून येतील मंग?"

खरंच होतं. मी बटनं कशीही बडवणारी बाई. पण 'फक्त लाथा'च्या रविवारी मी कुम्हारीच्या या चॅम्पियन बंटीला लोळवलं होतं. त्याचं तोंड अजून उतरलेलंच आहे.

एक भानगड मात्र सुटत नव्हती.
हरला की माणूस रागानं नेट बंद करायचा आणि वर सांगायचा, लाइट गेली. बंटी त्यात पटाईत!

तोडगा निघाला बाबांच्या गप्पांतून. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. एकदा जेवताना सांगत होते, "पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडाची नाही. डबल शिफ्ट उभे राह्यलो आम्ही, पण भट्टी एकटी नाही सोडली."

संदीप घास हातात धरून हसत सुटला.

त्या रविवारपासून नियम कायमचा झाला. हरलेल्यानं पुढचा खेळाडू येईपर्यंत थांबायचं, आणि आपण कुठे चुकलो ते त्याला सांगूनच जायचं.

लोक थांबायला लागले. भांडणारे एकमेकांना मूव्ह शिकवायला लागले. बंटीकडची लाइटसुद्धा जायची थांबली.

आणि हा स्वतः जागा रिकामी टाकून गेला.

त्यानंतर एकाही रविवारी कुणी नियम केला नाही. परवा बंटीचा मेसेज आला, "दीदी, ग्रुप बंद कर दूं क्या?"

मला राग आला. बंटीचा नाही, संदीपचा. रडत रडतच बाबांना म्हटलं, "बाबा, संद्या रिलीव्हर न देताच गेला ना."

बाबांनी मला जवळ बसवलं.

मग म्हणाले, "कधी कधी रिलीव्हर उशिरा येते, पोरी. तो उभाच असन अजून. तू कावून नाही जाऊन राहिली त्याच्या जागी?"

तर मंडळी, ग्रुप बंद होणार नाही.
या रविवारी, जेवणं झाल्यावर. नियम मी केला आहे: फक्त लाथा.
बंटी, रडायचं नाही.

मी आली रे संद्या.
लय उभा राह्यला तू. जाय आता.