बाईचा आजार लागणारा नव्हता

हे मी आजपर्यंत कोणाले सांगितलं नाही — नवऱ्याले नाही, सौसरले माहेरी नाही. देवापुढं बसली तरी दुसरंच काही बोलते. तुम्हाले काहून सांगून राहिली, मलेच समजत नाही.

आमचं घर पांढुर्ण्याले. माह्या जेठानीले, म्हंजे मोठ्या जावेले, मी बाई म्हणत होती. तिले लेकरू नव्हतं. माहा अथर्व झाला तं मी शाळेत शिकवाले जात होती, आन तो दिवसभर तिच्या कडेवर. बोलाले लागला तं तिलेच आई म्हणे. मले ‘सुमे’ — बाई हाक मारे, तसंच. घरचे हासत. मीही हासत होती. पण बाप्पा, आतून जळून राहिली होती. आपल्या पोटच्या पोट्ट्यानं आपल्याले नावानं हाक मारावी — हे कोणाले सांगता?

मंग बाईले खोकला लागला. चार पावलं चालली तरी दम भरे. एक्स-रेच्या फोटोत छातीत गाठी दिसल्या, तं गावच्या डॉक्टरनं टीबी म्हटलं. सासूनं त्याच दिवशी तिचं ताट, तिचा गिलास अलग केला आन मागच्या खोलीत खाट टाकली. अथर्वले तिच्यापासून दूर ठेवलं. लय रडला तो, मंग माह्यापाशी झोपाले लागला. एकदा झोपेत मले आई म्हटलं त्यानं. खोटं काहून बोलू — मी खूश झाली.

औषधानं फरक पडेना. तिचे मालक, जेठजी, संत्र्याच्या तोडीत अडकले होते, म्हणून तिले नागपूरले मी नेलं. शिकलेली ना मी. तिथं गाठीचा तुकडा काढून तपासला. दुसऱ्या खेपेले बाई बाहेर बाकावर दम घेत बसली, आन डॉक्टरनं मले एकटीले आत बोलावलं. हा टीबी नाही, म्हणाला, सारकॉइडोसिस आहे. रोगाशी लढणाऱ्या आपल्याच पेशी फुफ्फुसात घोळका करून बसतात, त्याच्याच गाठी होतात. कोणत्या शत्रूले घेरलं म्हणून पाहावं, तं आत कोणीच सापडत नाही. काहून होते, नक्की सांगता येत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या विचारल्याशिवाय बंद करू नका. आन शेवटी म्हणाला, हे कोणाले लागत नाही, यायले घरात सगळ्यायसंगं राहू द्या.

मी ऐकलं. नीट ऐकलं.

बसमध्ये बाईनं विचारलं, “काय म्हणे व डॉक्टर?”

“गोळ्या बदलून देल्या, बाई.”

“मंग आता अथर्वले घेऊ का जवळ?”

मी खिडकीतून बाहेर पाहत म्हटलं, “थांबा काही दिवस.”

बस, एवढंच. घरीही कोणाले काही सांगितलं नाही. उद्या सांगीन, परवा सांगीन — पण सांगितलं असतं तं पोट्टा पुन्हा तिच्या कडेवर गेला असता ना? तिच्या छातीत पेशी कोणी नसताना घेरा टाकून बसल्या होत्या, आन बाहेरून आम्ही.

तान्ह्या पोळ्याले लेकरं लाकडाचे बैल घेऊन घरोघर बोजारा, म्हंजे खाऊ-पैसे, मांगाले फिरतात. माणसं नदीवर गोटमार, दोन काठांवरून होते ती दगडफेक, पाहाले गेली होती. अथर्वचा बैल दरसाल बाईच सजवे. त्या साली ती आपल्या दारात ओवाळाचं ताट घेऊन बसली, बोजाऱ्याचा खाऊ घेऊन. त्यानं आंगणातूनच बैल दाखवला आन पळाला. मीच शिकवलं होतं तसं. संध्याकाळी ताटातला खाऊ मी गाईले घातला.

पुढं कधीतरी तिनं गोळ्या सोडल्या. मी विचारलं तं म्हणाली, “कशाले खाऊ व? बरी होऊन कोण येणार आहे माह्यापाशी?”

तवा तरी सांगाचं होतं. भित्री म्हणा, दुष्ट म्हणा — दोन्ही आहो मी. वर्षामागून वर्षं तिची फुफ्फुसं कडक होत गेली.

ती गेली त्या दिवशी अथर्व कॉलेजातून आला होता. सासू त्याले म्हणाली, मोठीच्या तोंडात पाणी घाल. बाईचे डोळे उघडे होते, त्याच्याच तोंडाकडं पाहून राहिली होती. त्यानं हात लांब करून, दुरूनच चमच्यानं पाणी घातलं. नाकातोंडावर रुमाल होता त्याच्या.

तो रुमाल मीच बांधून देला होता.